खातेय बऱ्यापैकी, तरी दूध तुटलं. हे हार्मोनचं खरं की दुकानदारी?

भीमाकाठचा_गोठा
१९ एप्रिल, रात्री ९:४०

राम राम मंडळी. मोहोळ तालुक्यात गोठा आहे. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित नऊ जनावरं: सहा दुधात, दोन आटवलेल्या (व्यायच्या आधी दूध बंद केलेल्या), एक कालवड. शिमग्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. पाडव्यानंतर दूध उतरायला लागलं ते अजून उतरतंच आहे. चंद्री (दुसरं वेत, विऊन तीन महिने) दोन्ही वेळचं मिळून अठरा लिटर द्यायची, आता साडेतेरा. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घनभाग) ८.६ वरून ८.२ ला आलं, म्हणजे लिटर कमी ते कमी, वर भावातही कपात.

आता मुद्दा असा की गाईंनी खाणं सोडलेलं नाही. दुपारी गव्हाणीत थोडं राहतं, रात्री खातात. दूध वाढावं म्हणून मी कांडी (तयार पशुखाद्य) दीड किलोनं वाढवली, सरकी पेंडही वाढवली. दूध वाढायचं लांबच, चंद्रीचं शेण पातळ झालं.

औषधाच्या दुकानात गेलो. तिथला म्हणाला, "उन्हानं गाईचे हार्मोन बिघडतात. ही बाटली पाजा, हार्मोन जाग्यावर येतात." बाटली साडेआठशेची. अजून घेतली नाही. म्हटलं आधी इथं विचारावं. खरंच असं काही असतं का?

सांगोलेकर
१९ एप्रिल, रात्री ९:५८

खिलार पाळा. विषय संपला.

पेठेतला_पंटर
१९ एप्रिल, रात्री १०:०४

खिलार दोन लिटर देती बे, ते पण वासराला पाजून उरलं तर. माणूस दुधाचं विचारालाय, शर्यतीचं नाही.

अक्कलकोटची_सून
१९ एप्रिल, रात्री १०:२०

दादा, बाटली राहू द्या बाजूला. तीन गोष्टी सांगा. पिण्याचं पाणी कुठल्या टाकीतून येतं? पत्रा किती उंच? आणि पंखे कधी लावता, कधी बंद करता?

आमच्याकडे चार गाई नि दोन म्हशी. मागच्या वर्षी असंच दूध तुटलं तेव्हा मी सहज हौदात हात घातला. दुपारी दोनचं पाणी चहाला ठेवल्यासारखं कोमट. गाय तोंड लावायची आणि मान वर करायची. आम्हाला वाटायचं, तहान नाही तिला.

भीमाकाठचा_गोठा
१९ एप्रिल, रात्री १०:४१

ताई, टाकी काळी, प्लास्टिकची, हजार लिटर, बाहेर उन्हात. हात घालून बघितला नाही कधी. पत्रा नऊ फूट. पंखे दोन आहेत, सकाळी दहा ते रात्री नऊ लावतो. नवानंतर वारं सुटतं, गार होतं, म्हणून बंद करतो.

निवृत्त_जनावरडॉक्टर
२० एप्रिल, सकाळी ६:१५

दुकानदार निम्मं खरं बोलला. हार्मोन बदलतात. पण 'बिघडतात' म्हणणं चुकीचं आहे. गाय जीव वाचवायला आपला कारभार बदलते, आणि त्याचा भुर्दंड तुमच्या कॅनमध्ये पडतो. जरा सविस्तर लिहितो, कारण मीही नोकरीतली पहिली वीस वर्षं शेतकऱ्यांना अर्धवटच सांगत आलो.

उकिरड्यात हात घातलात तर आत गरम लागतं. गाईच्या पोटातही चारा तसाच आंबत असतो, चोवीस तास. जास्त दुधाची गाय जास्त खाते, म्हणून तिच्या आतली ऊबही जास्त. बाहेर ४१ अंश असताना ही ऊब टाकायची कुठे? म्हणून उन्हाचा पहिला फटका गोठ्यातल्या सगळ्यात चांगल्या गाईला बसतो. तुमची चंद्री आधी उतरली असणार, आणि आठ लिटरवाली अजून आठच देत असेल. बघा पडताळून.

आम्ही सांगायचो: ऊन वाढलं, खाणं घटलं, म्हणून दूध घटलं. साधा हिशेब. पण अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात बॉमगार्ड, कॉलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९-१० च्या सुमारास हा हिशेब ताडून बघितला. काही गाई उष्ण खोलीत ठेवल्या. काही गार खोलीत ठेवल्या, पण त्यांना खायला मोजून तेवढंच दिलं जेवढं उष्ण खोलीतल्या गाई खात होत्या. दोन्हीकडे पोट सारखंच अर्धं. गारव्यातल्यांचं दूध घटलं, पण उन्हातल्यांचं त्याहून बरंच जास्त घटलं. कमी खाण्यामुळे झालेली घट एकूण घटीच्या ३५ ते ५० टक्केच निघाली. बाकीची खाण्याच्या खात्यात बसेना.

ती बाकी घट कुठून आली ते बघू. ताजी व्यालेली गाय आठवा. तिला खाणं पुरत नाही, पण ती अंगावरची चरबी उतरवते, बरगड्या दिसायला लागतात, आणि बादली मात्र भरते. त्या वेळी तिच्या रक्तात इन्सुलिन कमी असतं. इन्सुलिन कमी की चरबी सुटून रक्तात येते, बाकी अंग त्या चरबीवर भागवतं आणि ग्लुकोज कासेसाठी राखून ठेवतं. उन्हातल्या गाईचं उलटं होतं. ती कमी खाते, तरी इन्सुलिन चढंच राहतं. मग चरबीच्या कोठाराचं कुलूप उघडत नाही आणि अंग कासेच्या वाटचं ग्लुकोज खाऊन टाकतं. कास ग्लुकोजपासून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, करते, आणि दुधात पाणी येतं ते लॅक्टोजच्या मागोमाग. लॅक्टोज घटला की लिटर घटलं.

शिवाय अंग गार करायला रक्त कातडीकडे वळतं, आतड्याला कमी पडतं. आतड्याचं अस्तर त्यामुळे थोडं गळकं होतं, जिवाणूंचं विष रक्तात शिरतं. त्याच्याशी लढणाऱ्या पेशींनाही ग्लुकोजच लागतं. पुन्हा कासेचाच वाटा कापला जातो.

म्हणून तुमची गाय 'खातेय तरी' दूध देत नाही. तिची चरबी जागेवर आहे, ती खंगलेली दिसत नाही, आणि तुम्ही म्हणता हिला झालंय काय!

बाकीचे हार्मोन थोडक्यात. थायरॉइडचे टी३ आणि टी४ उतरतात, म्हणजे गाय आपली भट्टी मंद करते. पण दूध बनवणं हेही त्या भट्टीचंच काम आहे. यकृतात वाढीच्या हार्मोनचा निरोप नीट पोचत नाही, त्यामुळे आयजीएफ-१ नावाचा घटक घटतो, जो कासेच्या कामाला हातभार लावतो. कॉर्टिसॉल पहिल्या तडाख्यात उसळतं आणि ऊन रोजचंच झालं की खाली बसतं.

आता बाटली. इन्सुलिन काय, वाढीचं हार्मोन काय, ही प्रथिनं आहेत. तोंडावाटे दिली तर पेंडीसारखी पचून जातील. साडेआठशे रुपये वाचवा. त्यात थोडे घालून भिंतीवरचा पंखा घ्या.

पातळ शेणाचं संध्याकाळी लिहितो. तोवर वाढवलेली दीड किलो कांडी आजच कमी करा.

पेठेतला_पंटर
२० एप्रिल, सकाळी ८:३०

डॉक्टरसाहेब, एवढं आमच्या मास्तरनं शिकवलं असतं तर मी पण डॉक्टर झालो असतो की.

निवृत्त_जनावरडॉक्टर
२० एप्रिल, संध्याकाळी ७:०५

शेणाचं. गाय धापते तेव्हा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो. त्यानं रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं. तोल सांभाळायला मूत्रपिंड बायकार्बोनेट लघवीतून टाकून देतं. एरवी हेच बायकार्बोनेट लाळेतून पोटात उतरतं आणि तिथलं आम्ल मारतं. उन्हात गाय रवंथही कमी करते आणि लाळ तोंडातून जमिनीवर गाळते. थोडक्यात, पोटाला जेव्हा सोड्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच घरचा सोडा संपलेला असतो. नेमकं तेव्हा तुम्ही दीड किलो कांडी आणि सरकी वर ओतलीत. फॅट पडणं, शेण पातळ होणं, पुढे खुरं दुखणं, हे सगळं तिथून येतं.

खायचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, दोन वेळात विभागून, आंबोणात मिसळून. मीठ चालू ठेवा. गाईच्या घामातून माणसासारखं सोडियम जास्त जात नाही, पोटॅशियम जास्त जातं. ते लसूणघासात असतं, असेल तर थोडा वाढवा. वाळला कडबा दुपारी टाकू नका, पचताना तो जास्त ऊब करतो. दिवसाच्या चाऱ्यातला दोनतृतीयांश भाग रात्री आणि पहाटे घाला. तुमच्या भागातल्या डॉक्टरांना एकदा गाय दाखवाच. मी गाय बघितलेली नाही, धागा वाचलाय.

आणि एक काम. घड्याळ घेऊन चंद्रीच्या कुशीकडे बघा. कूस किती वेळा आत-बाहेर होते ते १५ सेकंद मोजा, चारनं गुणा. मिनिटाला ६० च्या वर म्हणजे गाय तापलेली आहे. दुपारी तीनला, रात्री दहाला आणि पहाटे पाचला मोजा.

कुट्टी_ते_कॉलेज
२० एप्रिल, रात्री ८:५०

पशुवैद्यकीचा विद्यार्थी आहे, गाव बार्शी तालुका. डॉक्टरांनी लिहिलंय त्यात आकड्यांची भर घालतो.

नुसतं तापमान बघून चालत नाही, हवेतला दमटपणाही धरावा लागतो. दोन्ही मिळून एक निर्देशांक काढतात, टीएचआय. पूर्वी ७२ च्या वर गाईला त्रास धरायचे, जास्त दुधाच्या गाईंसाठी आता ६८ धरतात. मी सोलापुरी आकडे घालून काढलं:

दुपारी ४० अंश, दमटपणा २० टक्के: ८४.
रात्री २८ अंश, दमटपणा ४० टक्के: ७४.
जूनच्या सुरुवातीला, वळीव होऊन गेल्यावर, ३२ अंश आणि ७० टक्के: परत ८४.

शेवटची ओळ मी तीनदा तपासली. पाऊस पडला की आपण म्हणतो 'सुटलो एकदाचे'. गाईच्या दृष्टीनं ४० ची कोरडी दुपार आणि ३२ ची दमट दुपार एकच. कोरड्या हवेत निदान अंगावरचं पाणी उडून गारवा देतं, दमट हवेत ते उडतच नाही.

आणि रात्रीचं. रात्री तीन ते सहा तास २१ अंशांच्या खाली गेले तर गाय दिवसाचा ताप झाडून टाकते आणि दूध फारसं तुटत नाही, असं अमेरिकेतल्या उष्ण कोरड्या भागातल्या गाईंवर दिसलंय. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा बऱ्याचदा २५ च्या खाली येत नाही. म्हणजे कालचा ताप अंगात घेऊनच गाय आज उन्हाला उभी राहते.

भीमाकाठचा_गोठा
२२ एप्रिल, सकाळी ५:५०

मोजलं. दोन दिवस मोजलं.

चंद्री: दुपारी तीनला ८८. रात्री दहाला ७२. पहाटे पाचला ५२.

रात्री दहाचा आकडा बघून मी परत मोजला. बाहेर बाजेवर मला चादर घ्यावीशी वाटत होती, आणि ही आत ७२! गोठ्यात गेलो तर पत्र्याखाली वारंच नाही. पत्र्याला हात लावला तर कोमट. सहाच्या सहा गाई उभ्या होत्या, एकही बसलेली नव्हती. मी रोज हे बघत होतो आणि 'रात्री खायला उभ्या आहेत' असं समजत होतो.

आणि मी नऊला पंखा बंद करत होतो.

आठ लिटरवाल्या तांबडीचं डॉक्टरसाहेबांनी बरोबर ओळखलं. ती साडेसात देते, रात्री तिचे श्वास ४८.

अक्कलकोटची_सून
२२ एप्रिल, सकाळी ९:१०

गाय बसत नाही ती हवा लागावी म्हणून. बसली की अंगाखालची बाजू झाकली जाते ना. आमच्या म्हशी तर सरळ गटाराच्या वाहत्या पाण्यात जाऊन बसतात, सोडवायला गेलं की शिंगं उगारतात.

पाण्याचं आम्ही काय केलं सांगते. काळ्या टाकीला गोणपाट गुंडाळलं, वर लिंबाच्या फांद्यांचा मांडव घातला, आणि दुपारी एकला टाकीतलं पाणी न देता थेट बोअर चालू करून हौद भरायला लागलो. त्याच दिवशी गाई घटाघटा प्यायल्या. खर्च शून्य, पोतं घरचंच.

भीमाकाठ दादा, अंगावर पाणी मारत असाल तर एक लक्षात ठेवा. नुसतं पाणी मारून सोडून दिलं तर गाय उकडते. कातडीपर्यंत भिजवायचं, मग पंखा, वाळलं की परत पाणी. आम्ही तीन मिनिटं पाणी, बारा मिनिटं पंखा असं करतो. कासेवर ओघळ यायला नको, नाहीतर सड सुजायचे.

माळशिरस_६०_गाई
२२ एप्रिल, दुपारी १:३०

आम्ही फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे फवारे) बसवले, भरपूर पैसे घालून. एप्रिलात झकास. जूनमध्ये शेडमध्ये धुकं साचलं, गाई जास्त धापायला लागल्या. वर पडदे लावून शेड बंद केलेलं. वरच्या मुलानं लिहिलेला हिशेब आधी वाचला असता तर पडद्याचे पैसे वाचले असते. आता पडदे काढून टाकलेत.

गवळी_उत्तर_सोलापूर
२२ एप्रिल, संध्याकाळी ५:४५

डॉक्टरसाहेब एक विचारायचंय. उन्हाचं संध्याकाळच्या धारेला गाय पान्हाच सोडत नाही. ते छोटं इंजेक्शन मिळतंय, ऑक्सिटोसिनचं. बरेचजण देतात. देऊ का?

निवृत्त_जनावरडॉक्टर
२२ एप्रिल, रात्री ८:२०

नाही.

ऑक्सिटोसिन दूध बनवत नाही, कासेत बनलेलं दूध सोडवतं. तुमच्या गाईच्या मेंदूतून ते आपोआप येतं: वासरू दिसलं, कास धुतली, बादलीचा आवाज आला की. आलं की चार-पाच मिनिटांत त्याचा जोर ओसरतो, म्हणून धार त्या वेळात उरकायची असते. गाय घाबरली, वैतागली, धापत असली की अ‍ॅड्रेनॅलिन चढतं आणि ते ऑक्सिटोसिनला कासेपर्यंत काम करू देत नाही. मग संध्याकाळची धार साडेपाचला पत्र्याखाली काढण्यापेक्षा अंगावर पाणी मारून, पंखा लावून, साडेसहाला काढा. रोज टोचलं तर पुढे पुढे गाय टोचल्याशिवाय पान्हाच सोडत नाही, आणि वाट लागते ती कायमची. शिवाय दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला घातक इंजेक्शन देणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. 'बरेचजण देतात' हे मी तीस वर्षं ऐकलंय.

कुट्टी_ते_कॉलेज
२३ एप्रिल, रात्री १०:१५

सर, एक शंका. प्रोलॅक्टिन हे तर दुधाचं हार्मोन. पुस्तकात लिहिलंय की उष्णतेच्या ताणात रक्तातलं प्रोलॅक्टिन वाढतं. मग दूध घटतं कसं?

निवृत्त_जनावरडॉक्टर
२४ एप्रिल, सकाळी ६:४०

शाब्बास, हा प्रश्न मला कोणी शेतकऱ्यानं विचारला नाही आणि मीही कोणाला विचारला नाही.

वाढतं हे खरं. पण गाईत एकदा दूध सुरू झालं की ते टिकवण्याचं मुख्य काम प्रोलॅक्टिनकडे नसतं, वाढीच्या हार्मोनकडे असतं. उन्हात वाढणारं प्रोलॅक्टिन बहुधा घाम, अंगावरचे केस आणि पाण्या-क्षारांच्या तोलाशी जास्त जोडलेलं आहे. याला एक गमतीदार पुरावा आहे. कॅरिबियन बेटांवर सेनेपोल नावाची जात आहे, अंगावर अगदी आखूड, तुळतुळीत केस, उन्हात मजेत. २०१४ मध्ये कळलं की त्या केसांमागे प्रोलॅक्टिन ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकातला एक बदल आहे. आता तोच बदल एचएफमध्ये आणून उन्हाला टिकणाऱ्या गाई तयार करतायत. दुधाचं म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या हार्मोनच्या कुलपात गाईच्या कोटाची किल्ली निघाली.

पण प्रोलॅक्टिनचं खरं दुखणं दुसरीकडे आहे. भीमाकाठ, तुमच्या आटवलेल्या दोन गाई कुठे बांधता?

भीमाकाठचा_गोठा
२४ एप्रिल, सकाळी ७:३०

पत्र्याच्या पश्चिम टोकाला. दुधातल्यांना पंख्याखाली जागा दिली, उरलेल्या जागेत त्या. दुपारी तीननंतर तिथं ऊन आत येतं. दूध नाही, म्हटलं चालतंय.

निवृत्त_जनावरडॉक्टर
२४ एप्रिल, सकाळी ८:०५

तेच वाटलं. दहापैकी नऊ गोठ्यांत हेच बघितलंय.

आटवलेली गाय रिकामी बसलेली नसते. त्या साठ दिवसांत जुन्या दूधपेशी मोडतात आणि पुढच्या वेताच्या नव्या तयार होतात. पेरणीच्या आधीची कुळवणीच ती. या काळात गाय तापली तर रक्तात प्रोलॅक्टिन चढं राहतं, आणि सतत चढं राहिलं की ते ओळखणारे रिसेप्टर कमी होतात. नव्या पेशी कमी बनतात. फ्लोरिडा विद्यापीठात जेफ्री डाल यांच्या गटानं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. आटवलेल्या काळात गार ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या गाई, विल्यानंतर दोघींना सारखीच वागणूक. तरी न गारवलेल्या गाई पुढे आख्खं वेत कमी दूध देत राहिल्या, फरक रोजचा चार-पाच लिटरपर्यंतचा. त्या गाई आपल्यापेक्षा बऱ्याच जास्त दुधाच्या, त्यामुळे आपला आकडा लहान असेल. पण दिशा तीच.

वासरूही हलकं जन्मतं. आणि पोटात असताना तापलेली ती कालवड मोठी होऊन स्वतः विते तेव्हा तीही कमी दूध देते. तुमच्या पश्चिम टोकाला तुमचा पुढच्या तीन वर्षांचा गोठा उभा आहे.

आज हलवा त्यांना.

भीमाकाठचा_गोठा
२४ एप्रिल, सकाळी ११:५५

हलवल्या. बांधावर जुना लिंब आहे, आजोबांनी लावलेला, त्याच्याखाली. दोघी गेल्या गेल्या बसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना दुपारी बसलेलं बघितलं नव्हतं.

दावणीचं_गणित
२४ एप्रिल, रात्री ९:२५

चर्चा दुधाची आहे, पण माजाचं कोणी बोललं नाही. एप्रिलपासून आमच्या तीन गाई माजावर आलेल्याच दिसल्या नाहीत. एक भरवली, उलटली, गाभण राहिली नाही.

निवृत्त_जनावरडॉक्टर
२५ एप्रिल, सकाळी ६:२०

आल्या असतील, तुम्हाला दिसल्या नसतील. उन्हात स्त्रीबीज सोडायला लावणारं एलएच आणि माजाची लक्षणं दाखवणारं इस्ट्रोजेन, दोन्ही मंदावतात. माज येतो पण मुका, आणि थोडाच वेळ. पहाटे पाचला आणि रात्री उशिरा बघा, दुपारी बघून उपयोग नाही. भरवल्यावर पहिले काही दिवस गर्भ फार नाजूक असतो, तेव्हा गाय गार ठेवा. आणि ऑगस्टमध्ये गाय उलटली तर डॉक्टरला शिव्या देऊ नका. बीज तयार व्हायला महिने लागतात, मे-जूनमध्ये भाजलेलं बीज ऑगस्टातही बाहेर येतं.

सांगोलेकर
२५ एप्रिल, दुपारी १२:१५

मी पहिल्या दिवशी चेष्टा केली, पण आता नीट लिहितो.

खिलारला ऊन का बाधत नाही? पांढरा रंग, आखूड चकचकीत केस, घामाच्या ग्रंथी मोठ्या नि जास्त, आणि मुळात आतली भट्टीच लहान. ज्याला दूध कमी त्याला ऊबही कमी. डॉक्टरसाहेब, बरोबर ना? म्हणजे आमच्या गाईचा मोठेपणा आणि तिचं दोन लिटर, दोन्ही एकाच कारणातून येतंय. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. वाखरीच्या कार्तिकी बाजारात आम्ही उगाच छाती काढून उभं राहायचो.

पण मधला रस्ता आहे की. पंढरपुरी म्हैस घ्या. तलवारीसारखी लांब शिंगं, सहा-सात लिटर, फॅट चांगलं. काळी आहे, घाम कमी, ऊन लागतं तिलाही, पण डुंबायला पाणी मिळालं की प्रश्न मिटला. राहुरी कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणीही आहे: अर्धं एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. एचएफचं रक्त पाऊण भागाच्या वर नेत बसायचं आणि मग पंख्याला पैसे घालायचे, हे मला पटत नाही.

पेठेतला_पंटर
२५ एप्रिल, दुपारी १२:४०

बघा बे, सांगोलेकर बदलले.

निवृत्त_जनावरडॉक्टर
२५ एप्रिल, रात्री ८:००

सांगोलेकर, बरोबर आहे तुमचं. फक्त म्हशीला डुंबायला मे महिन्यात सांगोल्यात पाणी आणायचं कुठून, तेही सांगा.

भीमाकाठचा_गोठा
११ मे, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय, लग्नसराई होती.

काय काय केलं: टाकीला गोणपाट आणि वर शेडनेट. पत्र्याला वरून चुना मारला, त्यावर उसाचं पाचट पसरून दोरीनं बांधलं. आणखी दोन पंखे, आता रात्री बारापर्यंत चारही चालू, पहाटे तीनला अर्धा तास परत. दुपारी तीन वेळा पाणी-पंखा. वाढवलेली कांडी कमी केली, सोडा सुरू केला. मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) रात्री आठला आणि पहाटे चारला.

चंद्री आता १५.४ वर आहे. अठरा नाही. एसएनएफ ८.४. शेण घट्ट झालं. रात्री दहाचे श्वास ५६.

एक गोष्ट लक्षात आली. ज्या दिवशी फार तापलं त्या दिवशी दूध पडत नाही, दोन दिवसांनी पडतं. ५ मे ला दिवसभर वीज नव्हती, पंखे बंद. सहा तारखेला काही नाही, सात तारखेला सगळ्यांचं मिळून सात लिटर कमी. मी आधी दर वेळी त्याच दिवशीच्या चाऱ्याला दोष द्यायचो.

विजेचं बिल अजून आलेलं नाही. आलं की इथं लिहितो, म्हणजे माळशिरसवाले हसतील.

माळशिरस_६०_गाई
११ मे, रात्री ९:५०

आमचं बिल बघा, मग हसायचं का रडायचं ते ठरवा. पंख्याला टायमर लावा, रात्री उठायला नको.

भीमाकाठचा_गोठा
६ जून, पहाटे ५:२०

काल संध्याकाळी वळीव झाला. चांगला तासभर. मातीचा वास, वारं, घरातले सगळे अंगणात. आईनं भजी केली. पंखे मीच बंद करायला गेलो आणि बार्शीच्या पोराचा हिशेब आठवला. चंद्रीचे श्वास मोजले. ७४.

पंखे रात्रभर चालू ठेवले.

लिंबाखालची थोरली काल पहाटे व्याली, कालवड झाली. आता चीक चालू आहे, दूध किती ते पंधरा दिवसांनी कळेल.

अक्कलकोटची_सून
६ जून, सकाळी ७:४५

कालवडीचं नाव काय ठेवलं?

भीमाकाठचा_गोठा
६ जून, सकाळी ८:१०

आई म्हणते निंबोणी.